मुंबई दोन पायली

१

जुहू ते गोवा विमानाला किती लांब, ते कुणी मैलात सांगेल, कुणी कोसात. आमची येसूबाई भातात सांगायची. जुहूचं मैदान ते आमच्या वाडीतलं तिचं खळं, दोन पायली. जुहू ते गोवा, सवातीन पायली. हसू नका. मी हसलो होतो, त्याची फेड अजून चाललीय.

येसूबाई म्हणजे माझ्या रावजीची बायको. मी आणि रावजी आगबोटीवर खलाशी होतो. तो गेला तेव्हा त्यांचा आत्माराम सात वर्षांचा. माझं घर बांधाला बांध लावून, तेव्हा ती मला भावजी म्हणायची, मी तिला वयनी. आमची वाडी रत्नांगिरीच्या वर, सड्यावर. खाली बघाल तर समुद्र, पायाखाली नुसता काळा कातळ.

आत्माराम मोठा झाला, मुंबईला गेला. सगळे गिरणीत जातात, हा गेला जुहूला, विमानांच्या मैदानावर. पेट्रोलचे डबे वाहायच्या कामावर. पस्तीस सालचा पाऊस सरला आणि तिथून गोव्याकडं टपालाचं विमान सुरू झालं. दर शुक्रवारी सकाळी सातला उडायचं, साडेआठला आमच्या डोकीवर, साडेनवाला गोव्यात. आगबोटीला मुंबईहून आमच्या बंदरात पोचायला आख्खा दिवस जातो, आणि हे मेलं दीड तासात!

आत्मारामाचं कार्ड आलं. माझं वाचन म्हणजे चिखलातला रेडा, पण एकेक पाय उचलत वाचलं. "आई, विमान सुटताना मी त्याच्या पंखाला हात लावतो. दीड तासानं ते तुझ्यावरून जाईल. तेव्हा वर बघ. माझा हात लागला असं समज."

"दीड तास म्हणजे किती हो भावजी?" वयनीनं विचारलं.

घड्याळ कुणाच्या बापानं बघितलंय? कचेरीचा टोल तेवढा वाऱ्यावर ऐकू यायचा, तोही पुरा तास भरला की. मी म्हटलं, "सात ठोके पडले की दोन पायली भात घे वायनात. कांडून, पाखडून झालं की लेक डोकीवर."

वायन म्हणजे जमिनीत बसवलेलं उखळ. तिच्या मागल्या पडवीत होतं. मी बोललो ते मस्करीत. अहो, मी मस्करी नाय करणार तर काय करणार? शाळामास्तराच्या मिटलेल्या छत्रीत सुके बोंबील भरणारा मीच. भर बाजारात छत्री उघडली आणि मास्तरावर बोंबलांचा पाऊस पडला. तसलंच हे एक.

पण जुळलं की हो! पहिल्याच शुक्रवारी शेवटचा घाणा पाखडून वयनी सूप घेऊन खळ्यात आली, आणि गणपतीपुळ्याच्या अंगानं घूंऽऽ करत ठिपका आला. तिनं सूप खाली ठेवलं, हात वर केला. विमान गेलं.

"लागला," म्हणाली, आणि पदर डोळ्याला लावला.

मग दर शुक्रवारी तेच. सात ठोके, दोन पायली, विमान, "लागला".

२

माघातला शुक्रवार होता. मी माझ्या खळ्यात सुपारी कातरत बसलो होतो. वयनी सूप घेऊन बाहेर आली, वर बघत राहिली.

"भावजी, विमान लांबलं."

"पायलट गणपतीपुळ्याला उतरला असेल. मोदक खाऊन येईल."

एरवी हसायची. त्या दिवशी नाय हसली. एवढ्यात कचेरीचा टोल सुरू झाला. मी बोटांवर मोजत गेलो. आठ.

म्हणजे विमान यायला अजून बक्कळ वेळ, आणि वयनीचा भात झालेला. मी उठून जाऊन बघितला. दोन पायलीतला दाणान् दाणा कांडून सडलेला, पांढराशुभ्र, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. कोंडा बाजूला, कणी बाजूला.

"कमी घेतला असशील."

"पायलीनं मोजून घेतला. रोजच्यासारखा."

ती तशीच उभी राहिली. उन्हानं कातळ तापायला लागला. मग आलं विमान, आपल्या वेळेला. तिनं हात वर केला, खाली घेतला.

"आज नाय लागला," म्हणाली.

३

मंगळवारी पोस्टमन गंगाराम वाडीच्या तोंडाशीच थांबला. मला खुणेनं बोलावलं. हातात कार्ड. त्याचा एक कोपरा फाडलेला.

आमच्यात ज्याला एक अक्षर येत नाय त्यालाही हे वाचता येतं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं. ते घरात न्यायचं नाय. बाहेर उभ्यानं वाचायचं, तिथंच फाडायचं, आंघोळ करून मग घरात जायचं.

"येसूबाईंचं हाय," गंगाराम म्हणाला. "मी नाय बाबा त्यांच्या दारात जाणार. तुम्ही घरचे." आणि गेला, सायकल हातात धरून. बसलासुद्धा नाय तिच्यावर.

काजीच्या झाडाखाली उभा राहून मी वाचलं. आत्मारामाच्या खोलीतल्या परगावच्या सोबत्यानं लिहिलं होतं. तीन दिवस ताप. शुक्रवारी सकाळी सातच्या आत गेला. अग्नी आम्ही दिला, बारावं-तेरावं घरी करावं.

अक्षर संपलं तरी मी बघतच राहिलो. मग माझं डोकं चालायला लागलं. मेलं ते एकाच वाटेनं चालतं. शिमगा महिन्याभरावर. आत्माराम शिमग्याला येणार म्हणून वयनीनं नवी चटई विणून ठेवलेली. म्हटलं, शिमग्यापर्यंत तरी बाईला हसू दे. मग सांगू.

चंचीतून अडकित्ता काढला आणि कार्डाचे उरलेले तीन कोपरे कच्च, कच्च, कच्च. तुकडे चंचीत टाकले, सुपारीच्या खांडांत.

वयनी खळं सारवत होती. मी लांबूनच ओरडलो, "वयनी! लेकाचं कार्ड!" आणि तिच्यासमोर धडाधड वाचलं. "मी खुशाल. काम लई. शिमग्याला येण्याचं बघतो. काकांना नमस्कार." असं खोटं मी जन्मात एवढं सरळ वाचलं नव्हतं. खरं वाचताना अडखळतो.

तिनं शेणाचा हात पदराला पुसला आणि कार्ड घेतलं.

"ह्याचे कोपरे कुठं गेले?"

"विमानातून आलं ना! वर वारा काय असतो ठाऊक हाय? कोपरे झिजून जातात."

तिनं अंगठा फिरवला. एका कोपऱ्यावरून, दुसऱ्यावरून, तिसऱ्यावरून. चौथ्यावर अंगठा जरा थांबला.

"धार हाय हो वाऱ्याला," म्हणाली. कार्ड फडताळात ठेवलं आणि परत सारवायला बसली.

मला वाटलं, साधली मस्करी. घरी गेलो आणि आंघोळ करताना रडलो. तांब्याच्या आवाजात कुणाला कळत नाय.

४

पुढच्या शुक्रवारी आठाच्या टोलाआधी चांगला वेळ ती सूप घेऊन बाहेर. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणखी आधी.

"मुंबई लांब चालली भावजी," ती म्हणायची. "आधी दोन पायली होती. आता किती भात घेऊ?"

मी खलाशी माणूस. वारा, भरती, धुकं ह्यांनी वेळ कसा मागंपुढं होतो ते मला कळतं. म्हटलं, समोरचा वारा असेल. विमान जुनं झालं असेल. तरी जिवाला चैन पडेना. खाली तारऑफिसात गेलो. तिथला भिकाजी कारकून माझ्या मस्करीला एकदा फसलेला, तेव्हा बघताच चष्मा सावरून सावध बसला.

"भिकाजीपंत, एक सांगा. गोव्याचं विमान हल्ली लांबतंय काय?"

"कशाला? त्यात बोंबील भरायचे हायत?"

"तुमची शपथ, मस्करी नाय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कोण जाणे. उठून दुसऱ्याला विचारून आला. "सातला सुटतं, साडेनवाला पोचतं. एकदाही चुकलं नाय. झालं?"

कचेरीच्या टोलवाल्यालाही विचारलं. तो म्हणाला, घड्याळ साहेबाच्या घड्याळाला लावतात, हलायची बिशाद नाय.

मग विमान बरोबर. टोल बरोबर. राहिला कोण? भात.

पुढच्या शुक्रवारी मी स्वतः गेलो. म्हटलं, वयनी, आज मी मोजून देतो. कणगीतून दोन पायल्या काढल्या, वर हात फिरवून सपाट केल्या. तिनं टोपली उचलली, मागल्या पडवीत गेली, दार लोटलं. मी खळ्यात बसलो. सात पडले.

माझी एक चिलीम ओढून झाली, दुसरी भरली. ती विझायच्या आत दार उघडलं. भात तयार. साठ वर्षांची बाई, ना धाप, ना कपाळावर घाम. ओठांवर काहीतरी होतं. हसू म्हणायला गेलो तर ते हसू नव्हतं.

विमान यायला अजून एक चिलीम होती. मी तिसरी भरली. मी तिला काय विचारणार? ती मला काय सांगणार?

५

एकटी बाई कांडते तेव्हा कसं वाजतं? धप्प. मग श्वास. मग धप्प. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या की धप्प-धप्प, धप्प-धप्प. एकीचं मुसळ वर, दुसरीचं खाली, श्वासाला जागाच नाय. लग्नघरात तिघी असतात, तेव्हा तीन ठोके आणि मग पहिली परत. कोकणातलं पोर झोपेत ऐकून सांगेल, घरात कितीजणी कांडतायत.

रावजी गेल्यावर वयनीसमोर उभं राहायला कुणी नव्हतं. मग आत्माराम राहायचा. एवढासा जीव, मुसळ त्याच्यापेक्षा उंच. पुढं मिसरूड फुटलं तरी कांडायचा. मी त्याला चिडवून चिडवून हैराण केला. "काय आत्मारामबाई, कुंकू लावायचं ऱ्हायलं की!" तो तांबडालाल व्हायचा, पण मुसळ सोडायचा नाय. मुंबईला गेला तेव्हा बंदरावर सगळ्यांदेखत मी ओरडलो, "आत्मारामबाई, जपून जा गो!" तो होडीतून हसला होता.

शिमग्याआधीचा शुक्रवार. मी खळ्यात बसायच्या ऐवजी घराला वळसा घालून मागं गेलो. मागल्या पडवीला कुडाची भिंत, शेणानं लिंपलेली. सात पडले.

धप्प-धप्प. धप्प-धप्प. धप्प-धप्प.

मी स्वतःला सांगितलं, भिंतीचा आवाज परत येतोय. सांगितलं, काशी आली असेल मदतीला. एवढ्यात वाडीतली काशी समोरून हंडा घेऊन विहिरीकडं गेली. "काय बाबल्याआजा, भिंतीला कान लावून काय ऐकतास?" म्हणाली आणि गेली. मग सांगायला काय उरलं नाय.

लिंपण सुटलेल्या जागी बोटाएवढं भोक होतं. डोळा लावला.

वयनी एकटी होती. उजेड कौलांतून येत होता, त्यात कोंडा उडत होता. दुसरं मुसळ कोपऱ्यात उभं, वर्षाचं जाळं तसंच त्याला. वयनीचे डोळे मिटलेले आणि तोंड जरासं वर. आपल्यापेक्षा वीतभर उंच माणूस समोर असला की धरतो तसं.

तिचा पदर घसरला. तो खांद्यावर घ्यायला ती थांबली, एका हातानं मुसळ वर धरून.

तिचं मुसळ वर होतं. आणि खाली धप्प झालं. वायनातला भात उडाला.

६

मी पुढच्या दारानं आत गेलो आणि उंबऱ्यावर बसलो. ती सूप घेऊन आली.

"वयनी, ते कार्ड..."

तिनं सूप ठेवलं, फडताळातून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

"हे तीन कोपरे अडकित्त्याचे. अजून सुपारीचा वास येतोय. हा चौथा हातानं फाडलेला. मला वाचता येत नाय भावजी, पण अंगठा काय आंधळा हाय?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलली का नाय गो?"

"तुमी एवढ्या कष्टानं मस्करी केलीत. मोडायची कशी?" ती खाली बसली. "आणि मी बोलले असते तर रडायला लागलं असतं. रडले असते तर दहावं, बारावं, तेरावं. भट येऊन त्याला वाट दाखवून गेला असता. तुमी सांगितलं नाय, म्हणून कुणी रडलं नाय. कुणी रडलं नाय, म्हणून तो आला."

चार आठवडे झाले होते. पोराला तीळपाणी नाय, पिंड नाय, आणि मी चंचीत त्याच्या कार्डाचे तुकडे घेऊन हिंडत होतो.

"वयनी, असं ठेवू नये. त्याला त्रास होईल. अजून वेळ गेली नाय, मी गुपचूप भटाला..."

"खबरदार!" एवढा मोठा आवाज मी तिचा ऐकला नव्हता. मग हळूच म्हणाली, "त्रास कसला? विमानाला दीड तास लागतो. त्याला नाय लागत. सातचा शेवटचा ठोका पडायच्या आत समोर असतो. भात काय होईल तेवढा वेळ. मग जातो."

"दिसतो?"

तिनं बराच वेळ सुपातले तांदूळ चिवडले.

"डोळे मिटून घेते मी," म्हणाली. "उघडले आणि नसला तर काय करू?"

वरून विमान गेलं, घूंऽऽ करत. दोघांपैकी कुणी उठलं नाय.

७

शिमग्याला वाडीतले सगळे मुंबईवाले आले. वयनीनं सगळ्यांना पोळ्या वाढल्या, आणि "आत्माराम का नाय आला" म्हणून विचारलं त्यांना म्हणाली, "शुक्रवारचा येतो तो." लोकांना वाटलं, म्हातारी हलली.

वैशाख सरला, विमान पावसापुरतं बंद झालं. विमान बंद, तसं मागल्या पडवीत एकच मुसळ वाजायला लागलं. धप्प, आणि मग श्वास. पुढंपुढं तर श्वासच लांबत गेला. आषाढात तिनं अंथरूण धरलं.

"भावजी, पाऊस सरला की विमान परत चालू होईल," म्हणाली. "पोर येईल आणि वायन कोरडं. समोर कुणी नाय. तुमी दोन पायली काढत जा."

"मी? पुरुषानं मुसळ धरायचं?"

"माझ्या लेकाला बाई म्हणायचात. आता व्हा बाबल्याबाई." आणि हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. "शब्द द्या."

दिला. श्रावणात ती गेली. तिचं सगळं रीतीनं केलं. दहावं, तेरावं, कायपण सोडलं नाय. ती सुटली, ती पोचली, ह्याची मला खात्री होती. आत्मारामाचं मात्र काय केलं नाय. शब्द होता.

नवरात्र झालं आणि विमान सुरू झालं. पहिल्या शुक्रवारी तिचं दार उघडलं, जाळी काढली, दोन पायली मोजून घेतली. सात पडले. मी मुसळ मारायला लागलो. निम्म्या भाताच्या कण्या झाल्या, हाताला फोड आले, आणि पाखडताना तोंडभर कोंडा. भिंतीपलीकडून शेजारची गोदा ओरडली, "बाबल्याबाई, हळदीकुंकवाला येशील काय गो?" शेवटचा घाणा उरला होता तेव्हा विमान वरून गेलं. म्हणजे पुरा दीड तास. एकट्याचा.

दुसरा शुक्रवार तसाच. तिसराही. मला वाटलं, वयनीनं जाता जाता माझी मस्करी केली. आख्ख्या जन्माच्या मस्कऱ्यांची एकदम फेड. मी एकटाच हसलो मागल्या पडवीत, आणि मग हसू कुठं गेलं कळलं नाय. चंची उघडून ते तीन तुकडे काढले आणि वायनाच्या कडेला ठेवले. "आत्मारामा," म्हटलं, "काकानं तुला बाई म्हटलं ते विसर रे." आणि रडलो. तांब्याचा आवाज नव्हता झाकायला.

गेल्या शुक्रवारी सात पडले. मी डोळे मिटले. कोंडा जातो डोळ्यांत, म्हणून. दुसरं काय नाय.

भात लवकर हलका झाला. हाताला कळतं ते. मुसळ खाली जाताना दाण्यांचं करकरणं थांबतं. म्हटलं, आज वाळलेला असेल. म्हटलं, हात बसला असेल आता. पण कान खलाशाचे. इंजिनाचा एक ठोका चुकला तरी जागे होतात. आणि हे ठोके माझ्या एकट्याचे नव्हते. दोघांचेही नव्हते. लग्नघरासारखे होते.

मी मुसळ वर धरून थांबलो. डोळे नाय उघडले.

खाली धप्प झालं. मग आणखी एकदा, जरा हलक्या हाताचं.

मग थांबलं. माझी पाळी होती.